तिजोरीचा आवाज

आमच्या घरातले पुरुष बंदूक कानाने तपासतात. ही रीत सासऱ्यांनी घालून दिली. दुनळी बंदूक बिजागरीवर मोडून उघडायची, पुन्हा मिटायची आणि मिटताना आवाज कसा येतो ते ऐकायचं. तिजोरीचं दार लागल्यासारखा आला तर बंदूक घट्ट, पत्र्याच्या डब्याचं झाकण लागल्यासारखा आला तर बंदूक खिळखिळी. सासरे तरुणपणी उडत्या तबकड्या फोडण्यात नावाजलेले होते, त्यामुळे त्यांच्या कानाला बोलायची कोणाची छाती नव्हती. पुढे बार उडवून उडवून त्यांचे दोन्ही कान गेले. रीत तेवढी उरली. आता मुलं बंदूक मिटतात, सासरे मुलांच्या ओठांकडे बघतात आणि विचारतात, "आवाज कसा आला?" मुलं सांगतात. बहिऱ्याने आवाजाची पारख करायची आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून, असा आमच्या घरचा कारभार.

मी या घरची धाकटी सून. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून मी कवळ्या बनवते. थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, 'कवळ्या' हा शब्द असा उच्चारतात की मी जणू लोकांच्या तोंडातून दात चोरून आणते. सासऱ्यांच्या तोंडात जी कवळी आहे ती माझ्याच हातची आहे, आणि तिच्यामुळेच त्यांना सुपारीएवढा कडक शब्दही नीट बोलता येतो, हे भाऊजींच्या गावीही नाही.

त्या वर्षी नेमबाजांच्या क्लबने सासऱ्यांना बोलावलं. वार्षिक स्पर्धेचा पहिला बार त्यांच्या हातून, त्यांच्याच जुन्या दुनळीने. निमंत्रणपत्रिका छापून आली. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडेची, मधोमध सासऱ्यांचं नाव. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभी ठेवली आणि येणारा-जाणारा ती वाचतोय की नाही यावर पाळत ठेवली. मला त्यात वावगं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलावत नाही, बोलावलं तर त्याने मिरवावं.

अडचण बंदुकीची होती. बरीच वर्षं कपाटात पडून, त्याआधी बरीच वर्षं बडवून घेऊन ती बिजागरीत झिजली होती. नळ्यांची मागची बाजू आणि तिच्यामागची लोखंडी भिंत यांच्यात फट राहता कामा नये. तिथे काडतूस फुटतं. फट असली तर फुटलेल्या दारूचा झोत पुढे जातो तसा थोडा मागेही येतो. मागे काय असतं? उडवणाऱ्याचा गाल आणि त्याच्या वर उजवा डोळा.

सासऱ्यांना तेवढा एकच डोळा आहे. डावा काचबिंदूने गेला. कान नाहीत, डावा डोळा नाही. जे काही जग त्यांच्यापर्यंत पोचतं ते त्या उजव्या डोळ्यातून. पेपर त्यातून, ओठ वाचणं त्यातून, नातीचं हसणं त्यातून. तो गेला तर त्या माणसाला जिवंतपणी भिंतीत चिणल्यासारखं होईल. हे मी घरात पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलले. भाऊजी म्हणाले, "अगं, अशुभ बोलू नकोस. मी आहे ना."

भाऊजी आहेत, हीच तर भीती होती.

भाऊजींकडे अवजारांची एक पेटी आहे. तीन कप्प्यांची, आतून लाल मखमल. प्रत्येक पाना, प्रत्येक कानस आपापल्या खोबणीत चकाकत असते, कारण त्यातली एकही वस्तू कधी कामाला लागलेली नाही. काम करायचं असलं की भाऊजी पेटी उघडतात, शेजारी मोबाइल उभा करतात, एखाद्या दाढीवाल्या माणसाचा व्हिडिओ लावतात आणि मग स्वयंपाकघरातला बत्ता मागतात. याच पद्धतीने त्यांनी पंखा दुरुस्त केला होता. तो अजून फिरतो, फक्त खोलीतलं कोणी त्याच्याखाली बसत नाही.

बंदूक त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर घेतली. बुटाच्या पॉलिशच्या डबीचं झाकण कापून पत्र्याची एक चकती केली. नळ्यांच्या खाली जो लोखंडी आकडा बिजागरीच्या खिळीवर बसतो, त्याच्या पोटात ती चकती दडपली आणि वर मुरांबा लावावा तसं ग्रीस लावलं. मग सगळ्यांना बोलावून घेतलं. बंदूक मोडली, मिटली. आवाज खरोखरच भारदस्त आला. ग्रीसमध्ये बुडवून मिटली तर कढईसुद्धा भारदस्त वाजेल.

"आवाज कसा आला?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिजोरी, बाबा. बँकेची तिजोरी," भाऊजी ओठ रुंद करत म्हणाले.

सासरे खूश. आमचे हे म्हणजे माझे यजमान, त्यांनीही मान हलवली. ह्यांना कुठल्याही भांडणात कुठेही नेऊन ठेवा, थोड्या वेळाने ते बरोबर मधोमध सापडतात.

मी आत जाऊन माझ्या कामाचा निळा कागद आणला. कवळी बसवताना वरचे-खालचे दात कुठे टेकतात आणि कुठे टेकत नाहीत हे बघायला हा कागद मध्ये धरतात. अगदी पातळ असतो. टेकलं तिथे निळा डाग उठतो, आणि पकडला गेला तर ओढून निघत नाही. "भाऊजी, पुढचं लाकूड काढा," मी म्हणाले. नळ्यांखाली डाव्या हाताने धरायला जे लाकूड असतं, त्यात एक स्प्रिंग असते. ती नळ्यांना मागे रेटून धरते. बंदूक कितीही ढिली असो, ते लाकूड लावलेलं असेपर्यंत ती सोज्वळ वागते. सासुरवाशिणीसारखी.

"ते कशाला काढायचं? बंदूक काय लाकूड काढून उडवतात?"

मीच काढलं. नळ्यांच्या मागे निळी पट्टी धरून बंदूक मिटली आणि पट्टी ओढली. लोण्यातून केस निघावा तशी ती निघून आली. डाग नाही, काही नाही. मग दस्ता धरून बंदूक हलवली. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. तो मात्र कोणी सासऱ्यांना सांगितला नाही.

"कवळ्या आणि बंदुका यांत फरक असतो," भाऊजी म्हणाले.

"असतो ना. कवळी ढिली असली तर फक्त शेंगदाणा अडकतो."

भाऊजींनी पेटी मिटली. पेटीचा आवाज चांगला येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बंदुका दुरुस्त करणारी बाई आहे. तिला सगळे खडूस म्हणतात आणि ती आहेच खडूस. पुढचं लाकूड काढून हलवून बघायचं हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं, तेही मी बावळट प्रश्न विचारते म्हणून वैतागून. मी तिच्याकडे गेले. तिने हातातली कानस खाली ठेवली नाही.

"पत्रा घातलाय? कशाचा?"

"पॉलिशच्या डबीचा."

"काळ्या की तपकिरी?" ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसलीही नाही. "हे बघ, जुनी खीळ काढून जरा जाड खीळ बनवून घालायची. मग आकडा काजळी लावून थोडाथोडा घासून तिच्यावर बसवायचा. काजळी पुसली गेली तिथेच घासायचं, दुसरीकडे हात लावायचा नाही. मग मिटलेल्या बंदुकीला अडकवून धरणाऱ्या वरच्या खटक्याची पाचर बसवायची. महिने लागतात. स्पर्धा केव्हा आहे?"

मी सांगितलं.

"मग म्हाताऱ्याला दुसऱ्याची बंदूक द्या," असं म्हणून तिने पाठ फिरवली.

घरी येऊन मी हे सांगितलं. दुसऱ्याची बंदूक म्हणताच सासऱ्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून घेतली. दुसऱ्याचं बोलणं बंद करायचं ते त्यांचं हत्यार आहे. बघितलंच नाही तर ऐकूच आलं नाही. आणि भाऊजींना महिने हा शब्द लागला. "ती बाई गिऱ्हाइकांना लटकवते. मी उस्तादकडे नेतो."

उस्तादचं दुकान मोठ्या रस्त्यावर आहे. काचेची कपाटं, आत दिवे, भिंतीवर उस्तादचे हरतऱ्हेच्या बड्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून काढलेले फोटो. फोटोंमध्ये उस्तादच्या हातात हार आहे, गुच्छ आहे, एका फोटोत केकही आहे. हातोडी एकाही फोटोत नाही. त्याने बंदूक घेतली, "साहेबांची बंदूक म्हणजे माझी जबाबदारी," असं म्हणाला आणि आठवड्याच्या आत निळ्या मखमली गवसणीतून परत पाठवली. नळ्या काळ्याभोर, दस्त्याला आरशासारखं पॉलिश. नवऱ्या मुलाला घेऊन जावं तशी भाऊजींनी ती घरात आणली.

मी पुढचं लाकूड काढलं. या खेपेला पट्टी निघाली नाही, घट्ट धरली गेली. भाऊजी माझ्याकडे बघून नुसते हसले. मग मी टेबलावरचा दिवा जवळ घेतला. आकड्याच्या कडेवर बारीक बारीक खड्डे होते, ओळीने. खटक्याच्या पाचरेवरही तेच. उस्तादने धातू घातला नव्हता, टोच्याने ठोकून ठोकून आहे तोच धातू कडेला फुगवला होता. कवळी ढिली झाली म्हणून तिला चिमट्याने चेपणारे महाभाग मी पाहिले आहेत. पहिल्या घासापर्यंत ती झकास बसते.

"हे एका बारात चपटं होईल," मी म्हणाले.

"उस्तादला शिकव तू आता."

"आवाज कसा आला?" सासऱ्यांनी मध्येच विचारलं.

"तिजोरी, बाबा!" या खेपेला आमच्या ह्यांनीही साथ दिली.

मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं, की पहिला बार दोरीने उडवून बघा. बंदूक जुन्या टायरात बांधायची, चापाला दोरी लावायची, लांबून ओढायची. त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "माझ्या मुलांनी सांगितलं घट्ट आहे. मी काय दोरीने बंदूक उडवू? लोक काय म्हणतील?" आणि पत्रिकेकडे बघत बसले. मला त्यांचा फार राग आला. मुलांवर विश्वास ठेवावा, पण मुलांना आधी एकदा नीट बघून घ्यावं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी उत्साहाच्या भरात कवळी बेसिनमध्ये पाडली. वरच्या भागाला तडा गेला. मी ती दुरुस्तीला नेली, संध्याकाळपर्यंत जोडली, घासून गुळगुळीत केली आणि डबीत घातली. डबी घरी आणली नाही. विचारलं तेव्हा मी म्हणाले, उद्या मैदानावर देते, अजून वाळायची आहे. साफ खोटं. कवळी वाळत घालत नाहीत. पण 'कवळ्यां'मधलं कोणाला काय कळतंय?

सकाळी मैदानावर आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. खुर्च्या मांडणं चाललं होतं. भाऊजी नव्या कोटात होते, उस्ताद त्याहून नव्या कोटात. त्याचाही सत्कार होता. सासरे तोंडावर रुमाल धरून बसले होते. दातांवाचून त्यांचे गाल आत गेले होते आणि ते एकदम फार म्हातारे दिसत होते. त्यांनी हात पुढे केला. "दे."

मी डबी दाखवली आणि परत पर्समध्ये टाकली.

"बंदुकीचा पहिला बार आधी दुसरं कोणी उडवेल," मी म्हणाले. "मग दात देईन."

त्यांनी रुमाल तोंडावर आणखी घट्ट धरला. दातांशिवाय ते व्यासपीठावर जाणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मरण पत्करतील पण बोळक्या तोंडाने लोकांसमोर उभे राहणार नाहीत. भाऊजी धावत आले. "काय चाललंय हे? वडिलांचे दात अडवून धरतेस? लाज वाटत नाही?"

"नाही वाटत. भाऊजी, बंदूक घट्ट आहे ना? मग तुम्हीच उडवा पहिला बार. तुमचा गाल लावून. दोन मिनिटांचं काम."

भाऊजींनी बंदूक हातात घेतली. मोडली, मिटली. आवाज ऐकला. मग डाव्या हाताने उजवा खांदा चोळू लागले. "काल रात्रीपासून खांदा धरलाय. नाहीतर काय."

"मग उस्ताद."

"मी कारागीर आहे, वहिनी," उस्ताद म्हणाला. "नेमबाज नाही. ज्याचं काम त्याने करावं." एवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला की नाही कोण जाणे, पण तो कानाला लावून तो तंबूच्या मागे गेला.

आमचे हे बंदुकीपासून आणि माझ्यापासून सारख्याच अंतरावर उभे होते.

सासऱ्यांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण खांदा चोळणारा हात त्यांना दिसला. तंबूमागे जाणारी पाठ दिसली. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

"दोरी आणा," ते म्हणाले.

मैदानाचा पंच हे सगळं बघत होता. त्याने मुकाट्याने टायर आणला. दुरुस्त बंदुकीचा पहिला बार दोरीने काढायचा, हा तिथला नियमच होता. साहेबांची बंदूक म्हणून इतके दिवस तो कोणी उच्चारला नव्हता. आम्ही दस्ता टायरात करकचून बांधला. मग मी पर्समधून निमंत्रणपत्रिका काढली, ती सकाळी टेबलावरून उचलून आणली होती. दस्त्यावर जिथे सासऱ्यांचा गाल आणि डोळा आला असता, बरोबर तिथे ती चिकटपट्टीने उभी केली. पंचाने काडतूस भरलं, बंदूक मिटली. आम्ही सगळे मातीच्या बांधाआड गेलो. दोरी भाऊजींच्या हातात दिली. ती ओढायला खांदा लागत नाही.

त्यांनी ओढली.

बार नेहमीसारखा वाजला नाही. फाटल्यासारखा वाजला. बांधावरून डोकं काढलं तर बंदूक उघडून पडली होती, कोणी न उघडता. खटक्याची पाचर निसटली होती, काडतुसाचं पितळी बूड फुलून चिरलं होतं आणि त्याचा नखाएवढा तुकडा नव्हता. उस्तादने फुगवलेल्या कडा चपट्या झाल्या होत्या. आणि आकड्याच्या पोटातून, ग्रीसने माखलेली, पॉलिशच्या डबीची चकती अर्धी बाहेर लोंबत होती. उस्तादने ती काढलीसुद्धा नव्हती. तिच्यावरच ठोकाठोक करून दिली होती.

"आवाज कसा आला?" सासऱ्यांनी सवयीने विचारलं.

भाऊजींचे ओठ हलले, पण ओठ वाचणाऱ्यालाही त्यात काही सापडलं नसतं.

मी पत्रिका सोडवून आणली. खालचा अर्धा भाग काजळीने काळा झाला होता. सोनेरी कडेच्या आत, सासऱ्यांच्या नावाच्या थोडं वर, एक आरपार भोक होतं. कडा जळालेल्या. मी ती त्यांच्या हातात दिली. इतके दिवस मी सगळ्यांना हसत होते, पण आपलं म्हणणं खरं निघू नये असंच मला मनातून वाटत होतं.

त्यांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली. भोकात करंगळी घालून बघितली. मग पर्सकडे बोट दाखवलं. मी डबी दिली. त्यांनी सगळ्यांसमोर कवळी तोंडात बसवली, दात दोनदा मिटून बघितले. कवळी घट्ट बसली होती.

"बाबा," भाऊजी पुढे झाले. "उस्तादनेच घोटाळा केला. मी घातलेली चकती तर..."

सासऱ्यांनी पत्रिका उचलून चेहऱ्यासमोर धरली, बंदुकीवर होती तशी. ते भोक बरोबर त्यांच्या उजव्या डोळ्यावर आलं. त्यातून त्यांनी थोरल्या मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दिसतोस रे," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसतोस."